क्रियापद, कलम आणि दुखावलेला वाचक

मराठीत 'ईशनिंदा' हा शब्द पुस्तकात असतो, तोंडात नसतो. पाकिस्तानातली बातमी असली की तो वर्तमानपत्रात दिसतो. बातमी आपल्याकडची असली की ठरलेली ओळ येते : 'धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल'. तुम्ही ती मोबाइलवर इतक्यांदा वाचली असेल की आता डोळा तिच्यावर थांबतही नाही. म्हणूनच ईशनिंदेचा कायदा शेजाऱ्यांकडे आहे, आपल्याकडे नाही, असं समजून आपण चालतो.

या ओळीमागचा कायदा मी काही दिवस एखादा साहित्यिक मजकूर वाचावा तसा वाचला. समीक्षा लिहिणाऱ्याला दुसरं येतं काय? शब्द बघायचे, क्रियापद बघायचं, मजकुराच्या मनात वाचक कोण आहे ते बघायचं. हे करताना पहिला धक्का क्रियापदानेच दिला.

जुन्या भारतीय दंड संहितेत यासाठी दोन वेगळी कलमं होती. कलम २९८ हे १८६० पासूनचं. ते भावना 'दुखावण्या'बद्दल बोलतं, पण फक्त समोरासमोरच्या गोष्टींपुरतं : एखाद्याच्या कानावर जावं म्हणून मुद्दाम काही बोलणं, आवाज काढणं, हावभाव करणं, त्याच्या डोळ्यांसमोर एखादी वस्तू ठेवणं. शिक्षा एक वर्षापर्यंत, गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. छापलेला मजकूर त्यात येतच नाही. दुसरं कलम २९५-अ. ते लेखनाला लागू होतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण तिथे 'दुखावणं' पुरत नाही. तिथे भावना प्रक्षुब्ध करण्याचा हेतू लागतो, आणि तो हेतू बुद्धिपुरस्सरही हवा आणि दुष्टही हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमं अनुक्रमे ३०२ आणि २९९ झाली. नंबर बदलले, गाभा तोच राहिला.

आता बातमीतली ओळ पुन्हा वाचा. तिने एका कलमाचं हलकं क्रियापद उचललं आणि दुसऱ्या कलमाची जड शिक्षा त्याला जोडली. असा कायदा कुठल्याही विधिमंडळाने केलेला नाही. तो आपण बोलता बोलता तयार केला, आणि व्यवहारात तोच चालतो.

२९५-अ आलं कुठून हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९२४ मध्ये लाहोरला महाशय राजपाल या प्रकाशकाने 'रंगीला रसूल' नावाचं, पैगंबरांच्या खासगी आयुष्याची टर उडवणारं पुस्तक काढलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. दोन समाजांत वैर पसरवण्याच्या कलमात हे बसत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. गदारोळ उठला आणि त्याच वर्षी नवं कलम आलं. मसुद्यावर चर्चा सुरू असताना मोहम्मद अली जिना यांनी एक सावधगिरीचा मुद्दा मांडला होता : इतिहासाचा प्रामाणिक शोध घेणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यात सापडता कामा नयेत. कायदा झाला, पण राजपाल वाचले नाहीत. १९२९ मध्ये त्यांच्या दुकानात त्यांचा खून झाला. फाळणीनंतर हे कलम दोन्ही देशांच्या वाट्याला आलं. तिकडे झिया उल हक यांच्या काळात त्याच्या शेजारी २९५-ब आणि २९५-क ही भावंडं जन्मली, आणि २९५-कमध्ये फाशी आहे. आपण तिथवर गेलो नाही. पण घराणं एकच आहे.

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९५-अ वैध ठरवलं. आधार हाच, की ते प्रत्येक अपमानाला शिक्षा देत नाही, फक्त जाणूनबुजून आणि दुष्टपणे केलेल्या गंभीर अपमानाला देतं. कागदावर हे बरोबर आहे. अडचण अशी की हेतू दुष्ट होता का, हे ठरणार खटल्यात. खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला मात्र ती लागत नाही. म्हणजे चाळणी आहे, पण ती माणूस आत गेल्यानंतर लागते.

महाराष्ट्रातलीच तीन उदाहरणं बघू, तीन वर्षांच्या आतली. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या एका चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मूर्तीतून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. खरं तर हे प्लंबरने द्यायचं उत्तर. त्यावर २९५-अ लागलं. एडामारुकू फिनलंडला गेले आणि तिथेच राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. पोलिसांनी आधी कुठलं कलम लावलं? २९५-अ. नंतर ते बदललं, पुढे प्रकरणच मिटलं. पण बंदबद्दलच्या प्रश्नात धर्म कुठे होता, हे त्या दिवशी ठाण्यात कुणी विचारलेलं दिसत नाही. तिसरं उदाहरण जानेवारी २०१५ चं. 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसच्या हल्ल्यानंतर 'शार्ली एब्दो'चं एक मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. त्यांनी माफी छापली, तरी गुन्हे नोंदले गेले, मुंब्र्यात अटक झाली, आवृत्ती बंद पडली. बातमी देणाऱ्या संपादकाचा हेतू दुष्ट कसा, हा प्रश्न नोकरी गेल्यावर विचारून काय उपयोग?

ख्रिस्ती, मुसलमान आणि एक राजकीय नेता. कलमाला भेदभाव माहीत नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायचं तर म्हणू.

पण मला खरं बोलायचंय ते एका मराठी कादंबरीबद्दल.

'झोंबी'चे लेखक आनंद यादव तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतील. त्यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी २००८ मध्ये आली. तुकोबांच्या तरुणपणाचं त्यांनी केलेलं चित्रण वारकऱ्यांना खटकलं. संत होण्याआधीचा तुकाराम त्यांनी चुकार, वाट सोडलेला दाखवला, याला पुरावा काय, असा सवाल होता. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं. दरम्यान ते २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. वाद पेटता राहिला, त्यांनी राजीनामा दिला, आणि संमेलन अध्यक्षाविना झालं. आक्षेप 'लोकसखा ज्ञानेश्वर'पर्यंतही पोचला. २०१४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोन्ही कादंबऱ्यांच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. आणि इथे कलम २९५-अ नव्हतं. तक्रार तुकोबांच्या वंशजांच्या बाजूने गेली होती आणि ती बदनामीची होती. बदनामीच्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे : मृत व्यक्तीबद्दलचं विधानही बदनामी ठरू शकतं, जर त्यामुळे तिचे कुटुंबीय किंवा जवळचे नातेवाईक दुखावले जावेत असा हेतू असेल. सतराव्या शतकातल्या कवीचे जवळचे नातेवाईक! तुकोबांचा नातेवाईक कोण, या प्रश्नाला अख्खी वारी उत्तर म्हणून उभी राहील. कायद्याने मात्र ते नातं एका घराण्यापुरतं मोजलं.

वारकऱ्यांचा आक्षेप पोकळ होता असं मला वाटत नाही. मला तर तो मूळचा समीक्षेचा आक्षेप वाटतो. तुकोबांनी स्वतःबद्दल अभंगांत बरंच सांगून ठेवलंय : दुष्काळ, बायकोचं मरण, बुडालेला धंदा, लाज. पुढे महिपतीने अठराव्या शतकात चरित्र लिहिलं. या दोन्हींच्या मध्ये मोकळ्या जागा आहेत आणि कादंबरीकार त्या भरणार, तो त्याचा धंदाच. प्रश्न हा की कशाने भरणार? 'आधी बिघडलेला, मग पश्चात्ताप, मग संत' हा साचा आपल्याकडे फार जुना आहे. वाल्या कोळ्याची गोष्ट त्यातलीच. ज्याच्यासाठी विठोबा विटेवर उभा राहिला, तो पुंडलिकही दंतकथेत आधी आईबापांना छळणारा मुलगा आहे. म्हणजे वारकऱ्यांना हा साचा परका नाही, त्यांच्या पंढरपूरचा पायाच त्यावर आहे. मग तो तुकोबांना लावला तर एवढा राग का?

मला वाटतं, कारण तुकोबांची गोष्ट त्या साच्यातली नाहीच. पुंडलिकाला बदलायला चमत्कार लागतो. तुकोबांना दुष्काळाने बदललं. तिथे पापी माणूस सुधारत नाही. एका साध्या, नेकीने दुकान चालवणाऱ्या माणसाचं जग कोसळतं आणि तो त्यातून बोलू लागतो. त्याला आधी बिघडवला की दुष्काळाचं वजन कमी होतं. माझा या कादंबरीवर आक्षेप असेल तर तो असा असेल, आणि तो देहूच्या आक्षेपापासून फार लांब नाही. फरक एवढाच, की हा आक्षेप दाखवायला मला कादंबरीतलं पान उघडून समोर ठेवावं लागतं. पुस्तकच काढून घेतलं तर वारकऱ्याचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे पुढच्या पिढीने ठरवायचं कशावरून? आज पंचविशीतल्या कुणाला ही कादंबरी ठाऊक असेल तर ती वादामुळे ठाऊक आहे. यादवांचा बचाव गेला, आणि त्यासोबत वारकऱ्यांची टीकाही गेली. राहिली फक्त 'काहीतरी घाण लिहिलं होतं म्हणे' एवढी कुजबूज. ज्या संताची बेअब्रू थांबवायची होती त्याच्याभोवतीच ती फिरत राहिली.

कोर्टात जिंकल्यानेही फार फरक पडत नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची नासधूस झाली. लेखक-प्रकाशकावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला, बंदी उठवण्याचा निकाल २०१० मध्ये कायम केला. पण पुस्तक प्रकाशकाने हल्ल्याच्या आधीच मागे घेतलं होतं.

आणि पवित्र माणसांची यादी वाढतच जाते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनमध्ये छापून आली. तक्रार झाली, आणि खटला रखडत रखडत २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. कलम अश्लीलतेचं. न्यायालयाने म्हटलं, ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले तर अश्लीलतेची कसोटी आणखी कडक लागते. संपादकाने बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून तो सुटला. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. गांधी देव नाहीत, आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना आवडलंही नसतं. पण देवाला जे कुंपण लागतं ते आता त्यांनाही लागलं. त्या कवितेत गांधी हा माणूस आहे की आपण त्याच्या नावाने चालवलेला बाजार आहे, हा वाचनाचा प्रश्न होता. तो कवितेच्या वर्गात सुटायला हवा होता, साक्षीपुराव्याने तो कसा सुटणार?

इथवरचं सगळं मी एकदा आमच्या गल्लीतल्या एका बाबांना ऐकवलं. मी पिंप्राळ्याचा. आमच्याकडे आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो आणि ज्यांना पंढरपूर झेपत नाही ते त्या दिवशी इथेच दर्शन उरकतात. हे बाबा कैक वर्षं मुक्ताईच्या पालखीबरोबर चालत गेले, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून रथावर समाधान मानतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''भाऊ, तू म्हणतो टीका करा. टीका लिहायले शिकेल माणूस लागतो, छापणारा लागतो. तुमचे संमेलनवाले आम्हाले कधी बोलावता? आमच्यापाशी काय हाये? एक मोर्चा, अन् एक तक्रार.''

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ज्यांच्याकडे ते पटकन असतं त्यांनी बाबांसारख्यांशी कधी बोलून पाहिलेलं नसतं. नियतकालिकं, पुरस्कार, अभ्यासक्रम हे सगळं एका बाजूला आणि भावना दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली की तक्रार हीच गरिबाची समीक्षा होते. पण दोन गोष्टी मी त्यांना म्हटल्या. एक, मराठीतलं सगळ्यात मोठं समीक्षेचं व्यासपीठ वारकऱ्यांकडेच आहे. कीर्तनात एक अभंग घेऊन दोन तास उलगडतात, हजार माणसं ऐकतात. आमच्या एखाद्या लेखाला तेवढे वाचक मिळाले तर आम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवतो. दुसरी, हे कलम गरिबाच्या हातात राहत नाही. ज्याच्यामागे माणसं जास्त, त्याचीच भावना ठाण्यात आधी नोंदली जाते. आज तुम्ही, उद्या तुमच्याविरुद्ध दुसरं कुणी.

आणि तुमच्याविरुद्ध म्हणजे खरोखर तुमच्याविरुद्ध. आपली संतपरंपरा देवाशी ज्या भाषेत भांडते ती कुठल्याही तक्रारदाराला पुरेल. जनाबाईने विठोबाला दिलेल्या शिव्या, नामदेवाने त्याच्याशी घातलेला वाद, आपल्यापुरता देव संपला या अर्थाचं तुकोबांचं एका अभंगातलं बोलणं. आमच्या जिल्ह्यात जिची समाधी आहे त्या मुक्ताबाईने तर प्रत्यक्ष ज्ञानदेवाचे कान उपटले. यातलंच एखादं वाक्य संताचं नाव काढून स्टेटसला ठेवा आणि संध्याकाळपर्यंत काय होतं ते पाहा. परंपरेने सांगितलंय की तुकोबांची गाथाही इंद्रायणीत बुडवायला लावली होती. तेव्हा दुखावलेले कोण होते, तेही आठवावं.

मग काय, कुणी काहीही बोलावं? नाही. माणसांविरुद्ध द्वेष भडकवणं आणि एखाद्या श्रद्धेची टर उडवणं यात मी फरक करतो. एखाद्या वस्तीला उद्देशून 'यांना हाकला' म्हणणाऱ्यासाठी वैर पसरवण्याचं कलम आहे, जातीवरून अपमान करणाऱ्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, प्रार्थनास्थळ विटाळणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे. ती राहावीत आणि नीट वापरली जावीत. कलम २९९ मात्र जावं, असं माझं मत आहे. इंग्लंडने ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये काढला, आयर्लंडने २०१८ मध्ये जनमत घेऊन राज्यघटनेतून तो शब्द काढला. डेन्मार्कने २०१७ मध्ये काढला आणि २०२३ मध्ये धर्मग्रंथ जाळण्यापुरता वेगळ्या रूपात परत आणला, म्हणजे ही वाट सरळ नाही हेही खरं.

पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कायदा काढून मिळत नाही. त्यांचं म्हणणं कुठे छापायचं, हा प्रश्न उरतोच. त्यावर मला एकच मराठी उदाहरण सापडतं आणि ते सरकारी आहे.

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात 'हिंदू धर्मातील कोडी' होती, आणि परिशिष्टात राम व कृष्ण यांच्यावरचं प्रकरण. शिवसेनेने ते काढून टाकण्याची मागणी केली, मोर्चे निघाले. शासन डळमळलं. मग १९८८ च्या सुरुवातीला दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. शेवटी जो तोडगा निघाला तो माझ्या दृष्टीने आपल्या भाषेतल्या कुठल्याही निकालापेक्षा शहाणा आहे. प्रकरण जागेवर राहिलं. त्याच्याखाली तळटीप आली, की यातल्या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही. पुस्तकही राहिलं, विरोधही राहिला, एकाच पानावर. ज्याला आज पाहायचं असेल त्याला दोन्ही दिसतात. 'संतसूर्य तुकाराम'च्या बाबतीत हे करता आलं असतं. पुढच्या आवृत्तीत देहूकरांचं टिपण मागे जोडता आलं असतं, पुराव्यांसह, त्यांच्याच भाषेत.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ''ती खालची टीप किती मोठी हाये?''

''एक ओळ,'' मी म्हटलं.

''एका ओळीत काय होतं?'' ते म्हणाले. ''मले दहा पानं लागतीन.''